शून्यावर आलेली वैद्यीण

तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे उसवणकाकू म्हणायचे. शर्टाच्या काखेत एक टाका जरी हुकलेला दिसला, तरी काकू खडूने फुली मारून अख्खी शिवण उसवायला परत पाठवायची. शिवणाऱ्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या. एकवीस वर्षं तिने हेच काम केलं. कारखाना बंद झाला, त्या दिवशीही ती एका कॉलरवर फुली मारत होती.

पुढचं भाचीने बघितलं. बहिणीची ही मुलगी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. "आमच्याकडे चुका काढणारी माणसं लागतात, मावशी," ती म्हणाली. "खेळता येत नाही ना तुला? मग तर बरंच."

तशी काकू वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हातात कंट्रोलर घेऊन बसली. पहिल्या आठवड्यात तिचा वीर भिंतीवरच डोकं आपटत राहिला. दुसऱ्यात तो चालायला लागला. महिन्याभरात काकूने काढलेल्या चुकांची यादी बघून कंपनीच्या साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

गेम असा होता: खेळणाऱ्याबरोबर चौघांची टोळी. ढाल घेतलेला योद्धा, धनुर्धारी मुलगी, जादूगार आणि एक म्हातारी वैद्यीण. प्रत्येकाची निष्ठा शंभरात मोजलेली. नीट वागलं की ती वाढायची, फसवलं की उतरायची. वीसच्या खाली गेली की माणूस टोळी सोडून जायचा. आणि काकूला नेमकं वाईट वागायचं काम दिलं होतं, कारण माणसं वेळेवर निघून जातात की नाही हे तपासायचं होतं.

सुरुवातीला तिचा हात कचरायचा. मग सरावली. योद्ध्याचा वाटा हडपला, तो शिव्या देत गेला. धनुर्धारीच्या भावाला शत्रूच्या हवाली केलं, ती पहाटेच पसार झाली. जादूगार तर जाताना नकाशाही घेऊन गेला. वैद्यीण मात्र हलेना. काकूने तिची औषधांची पिशवी विकली, तिचा रोगी वाटेत टाकून दिला, चारचौघांत तिचा अपमान केला. निष्ठा उतरत उतरत शून्यावर आली. म्हातारी तरीही शेकोटीपाशी येऊन म्हणाली, "बस इथे. तुझ्या जखमा बघते."

काकूने चूक नोंदवली. तासाभरात उत्तर आलं: 'मुद्दाम ठेवलं आहे.' तिने पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाची स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसली. टोळीचा समतोल सांभाळणं हे तिचंच काम होतं.

"अगं मावशी, ढालवाला मार झेलतो, बाणवाली लांबून टिपते, जादूगार गर्दी उडवतो आणि ही सगळ्यांना जिवंत ठेवते. ही गेली तर खेळणारा तिसऱ्या गुहेत मरेल. मग पुन्हा मरेल. मग गेम बंद करून निघून जाईल."

"मग तिची निष्ठा मोजता कशाला?"

"पडद्यावर सगळ्यांची दिसते ना. एकटीची नाही दिसली तर विचित्र वाटेल."

"म्हणजे तिला राग येतो, पण जायची सोय नाही."

भाची हसली. काकू हसली नाही. त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टेबलाखाली तिचा पाय इतका हलायचा, की शेजारच्या पोराने खुर्ची लांब सरकवली. कारखान्यातल्या तिघी तपासनीस दुसरीकडे गेल्या होत्या, तेव्हा मालक तिला म्हणाले होते, "तू आहेस म्हणून चाललंय." तेवढ्यावर ती थांबली होती. पुढे टाळं लागतंय हे तिला त्या शेवटच्या दिवशी वॉचमनकडून कळलं. मालकांचा तिला फारसा राग नव्हता. आपणही निघू शकलो असतो हे एकदाही आपल्या मनात कसं आलं नाही, हेच तिला कुरतडत होतं.

शेवटी तिने भाचीला गाठलं. "तिला जाऊ देणारा गेम मला एकदा बनवून दे. तिच्याशिवाय मी तिसरी गुहा पार करून दाखवते."

"मावशी, तुला अजून उडी नीट मारता येत नाही!"

"म्हणूनच. मला जमलं तर कुणालाही जमेल."

भाचीने बनवून दिला. काकू मरायला लागली. सकाळी मरायची, जेवणाआधी मरायची, चहानंतर मरायची. घरी ताटावरून तीनदा उठायची. नवरा शाळेची बस चालवायचा, शांत माणूस. "पायाला भिंगरी लागलीय का?" त्याने विचारलं.

"ढालवाल्याला गुहेच्या तोंडाशीच उभं केलं तर?"

"कुणाला विचारतेस?"

"तुम्हाला."

"अगं, मी बस चालवतो." मग घास चावता चावता तो म्हणाला, "अरुंद वाटेवर मात्र एका वेळी एकच गाडी जाते."

काकू उष्ट्या हाताने तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने योद्ध्याला अरुंद तोंडाशी उभं केलं, धनुर्धारीच्या झोळीत मलमपट्ट्या कोंबल्या आणि घाई सोडून पावलापावलाने पुढे गेली. बेचाळिसाव्या खेपेला टोळी पलीकडून बाहेर पडली, लंगडत, पण वीर धरून चौघं जिवंत. भाचीने मागून बघितलं आणि साहेबांना बोलावून आणलं.

ठरलं. गुहेच्या अलीकडे मलमपट्ट्यांचं एक दुकान आलं आणि वैद्यिणीला जायची मुभा मिळाली. जाताना तिने काय बोलावं, असं संवाद लिहिणाऱ्याने काकूला विचारलं. दिवसभर घुटमळून काकू म्हणाली, "काही नको. पट्टी बांधून होऊ द्या आणि उठू द्या तिला."

तपासणीत म्हातारी पहिल्यांदा उठली, पिशवी खांद्याला लावली आणि उतारावरून चालू लागली. काकूने तिला थांबवायची बटणं दाबून पाहिली. तसलं बटणच नव्हतं.

"झालं ना मनासारखं?" भाचीने विचारलं.

"झालं," काकू म्हणाली, उठून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. हे दृश्य तिला अजून तीसेक वेळा तपासायचं होतं.

गेम बाजारात आला आणि पत्रांचा पाऊस पडला. म्हातारीला परत आणा, आम्ही चुकलो. साहेब डळमळले. या वेळी भाचीच अडून बसली. "ज्यांना ती हवी, त्यांनी पहिल्यापासून खेळावं. नीट वागून."

वर्ष सरताना भाचीला दुसऱ्या कंपनीने बोलावलं. "तूही चल मावशी. मी सांगितलंय तुझ्याबद्दल." काकूने आठ दिवस घेतले. घरात फेऱ्या मारून फरशी झिजवली. आपण कुठेही जाऊ शकतो, या विचाराने तिला झोपेसारखी झोप लागेना, आणि त्यात धास्ती किती आणि हुरूप किती, हे तिचं तिलाच कळेना. नवव्या दिवशी तिने भाचीला फोन केला.

"मी इथेच थांबते. नव्या गेममधला घोडा भिंतीतून आरपार जातोय. मला तो पकडायचाय."

"बरं. सांगू इथल्या साहेबांना, तू थांबतेयस म्हणून?"

"नको. थांबणार का, हे त्यांना विचारू दे."

साहेबांनी विचारलं, पण सव्वा महिन्याने. तेवढे दिवस काकूने कसे काढले, ते खुर्ची पुन्हा लांब सरकवलेल्या शेजारच्या पोराला विचारावं.