काय-स्क्वेअरचा कमलाकांत

कमलाकांत आमच्या गिरगावातल्या वाडीत राहायचा. घराणं जुन्या मुंबईकर प्रभूंचं, पण वैभव आजोबांबरोबर गेलेलं; हा परळच्या एका संशोधन कचेरीत आकडेमोड करी आणि संध्याकाळी आमच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टरचं काम. नटाची चूक पोटात घालायचा, स्वतःची कधी नाही.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ चालले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचा पडदा ओढणारा गुणाजी डिलाईल रोडला राहायचा आणि गिरणीत कार्डिंग खात्यात कापूस विंचरायचा. तिथे हवेत नुसता कापूस. गुणाजीला इतका दम लागे की पडदा अर्ध्यावर अडायचा. गिरणीचा डॉक्टर म्हणे, विडी सोड. मग कमलाकांतच्या कचेरीला गिरणीतल्या दम्याच्या पाहणीचं काम मिळालं. दमा खात्यामुळे होतो असं दिसलं, तर कार्डिंगवाल्यांना त्याच पगारावर दुसरीकडे हलवू, असं पाहणीसाठी नेमलेल्या समितीने कबूल केलं होतं. गुणाजीचा जीव त्या एका कागदावर टांगला होता.

आकडे पारखायच्या परीक्षेचं नाव काय-स्क्वेअर. काय हे ग्रीक अक्षर. गुणाजी विचारी, "काय म्हणजे काय?" आणि तालीम बंद पडे. कमलाकांत हसत नसे. तो म्हणे, अपेक्षेपेक्षा आकडा किती लांब पडला, एवढंच सूत्र सांगतं. पण आपण काय विचारतोय ते आधी ठरवावं लागतं.

पहिल्यांदा तो तिथेच चुकला. फक्त दमेकरी मोजले आणि ते सगळ्या खात्यांत सारखे वाटले गेलेत का, ते पाहिलं. कचेरीतल्या साहेबाने कागद परत केला. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, माणसंच जास्त, तर तिथे दमेकरीही जास्त निघणारच. मला त्याने ते माझ्या, नाटकाच्या भाषेत सांगितलं: पिटातून टाळ्या जास्त आल्या म्हणून नाटक पिटाला जास्त आवडलं असं होत नाही, गप्प बसलेलेही मोजावे लागतात.

मग त्याने कामावरच्या सगळ्या माणसांतून नमुना घेतला. आडवी खाती, उभे दमेकरी आणि धडधाकट, असा तक्ता मांडला आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, ते तपासलं. ही परीक्षा बरोबर होती. उत्तर आलं, संबंध नाही. कमलाकांतने तक्ता दिला, आणि तालमीला येऊन भिंतीला टेकून बसला. गुणाजीकडे बघवेना त्याला.

त्या दिवशी ढोलकी वाजलीच नाही. ढोलकीवाला रामूसुद्धा कार्डिंगमधला. कमलाकांतने उगाच विचारलं, रामू कुठे?

"तो गावाक गेलो," गुणाजी म्हणाला.

"कधी येणार?"

गुणाजी पडद्याची दोरी गुंडाळू लागला. गिरणगावात तसं कुणी विचारत नाही. छाती संपली की माणूस गावी जातो, आणि त्याच्या जागी नवा, धडधाकट बदली उभा राहतो.

कमलाकांत ताडकन उठला. दम्याने गावी गेलेले तक्त्यात नव्हतेच! आता जुन्या हजेरीपटावरून प्रत्येक खात्याची ठरावीक माणसं उचलायची, ती असतील तिथे गाठायची, आणि दम्याचं प्रमाण खात्याखात्यांत सारखंच आहे का, हे विचारायचं. गणित तेच राहणार होतं. माणसं निवडायची रीत बदलणार होती, आणि तिच्याबरोबर प्रश्नही.

त्याने समितीपुढे हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, संबंध नाही हे तुम्हीच लिहिलंत ना? बाहेर संचारबंदी, गिरण्या बंद. वेळ कुणाला होता. प्रकरण मिटलं.

गिरण्या सुरू झाल्या तसा गुणाजी पुन्हा कार्डिंगमध्ये उभा राहिला, आणि लवकरच गावच्या बोटीसाठी भाऊच्या धक्क्यावर. आम्ही दोघं पोचवायला गेलो. कमलाकांत सांगत राहिला की मी येतो, नव्याने मोजतो.

"बेगीन येवा," गुणाजी म्हणाला. "उशीर केलात तर माका खंयच्या रकान्यात घालतल्यात?"

रजा मिळेना, म्हणून कमलाकांतने नोकरी सोडली आणि बोटीने कोकणात उतरला. गुणाजीचं घर सापडलं तेव्हा बायको दारात आली. कपाळ मोकळं होतं. तिने पाणी दिलं. त्याने ते न पिताच खाली ठेवलं, आणि मग तिलाच रामूच्या गावची वाट विचारली.