सूचक आणि अनुमोदक

सांगोल्याकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. सरपंच एका गटाचे, उपसरपंच दुसऱ्याचे. गावात लग्नपत्रिका छापायची तरी दोघांची नावं एकाच ओळीत घ्यावी लागत, वरखाली झाली की एक जण जेवायला येत नसे.

त्या वर्षी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला निधी आला. नियम साधा होता: एकतीस मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर पैसे परत. दुसऱ्या कामालाही वळवता येत नाहीत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंची मुलगी सातवीत होती. शाळा सुटेपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे, एकदा त्यानं आजारीही पडली. बाई मला दर आठवड्याला विचारायच्या, "भाऊसाहेब, झालं का वो आमच्या पोरींचं?"

काय सांगणार कपाळ! जागेच्या ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक. स्वच्छतागृह दोघांनाही हवं होतं. पण सरपंच म्हणाले, "त्यांच्या नावाखाली आमी सही करनार न्हाय." उपसरपंच म्हणाले, "मग आमी तरी का करावी?" तटस्थ माणूस शोधला, तर गावात तटस्थ असं कुत्रंही सापडेना. तीन सभा तहकूब झाल्या. चौथीत मी चिडून म्हणालो, "अहो, पोरींसाठी तरी सही करा." तर दोघांनीही एकाच सुरात मला विचारलं, "भाऊसाहेब, तुमी नक्की कुनाचे?" मला तेव्हा दोघांचाही संताप आला आणि माझ्या नोकरीचाही.

निधी परत गेला. पत्र मीच लिहिलं.

जूनमध्ये बाई कार्यालयात आल्या. मुलीला माळशिरसला मामाकडे ठेवणार होत्या, तिथल्या शाळेत सोय होती. त्यासाठी रहिवासी दाखला हवा होता. अर्जावर गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. योगायोगानं सरपंच आणि उपसरपंच दोघंही तिथंच बसले होते, एक या भिंतीला, एक त्या.

"आना हिकडं," सरपंच म्हणाले आणि सही केली. कागद उपसरपंचांकडे सरकवला. त्यांनी विचारलं, "कुटं करू?"

मी बोट ठेवलं. सरपंचांच्या नावाच्या बरोबर खाली. त्यांनी निमूटपणे सही केली. वर म्हणाले, "पोरगी हुशार हाय, शिकू द्या लांब."

मी शिक्का मारला. इतका जोरात, की बाई दचकल्या.