गेटजवळच्या टेबलावरची सही

कुरडयांचा चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो. निवला की संपलं, मग तो ना खाली उतरतो ना वर चढतो. सुनेत्राबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून चीक शिजवला होता आणि शुक्रवारी सकाळी घरामागच्या अंगणात जुनी चादर अंथरून कुरडया घालायला बसल्या होत्या. शेजारची कीर्ती मदतीला आली होती. चादर अर्धी भरली होती.

"ताई, यान्बूच्या उन्हाला तोड नाही हं," कीर्ती म्हणाली. "पुण्यात आमच्या सासूबाई चार दिवस कावळे हाकत बसायच्या. इथं कावळाच नाही. सकाळी घाला, दुपारी तळा."

"हात चालव. तोंडाचं ऊन पुरे."

तेवढ्यात रेवाचा फोन आला. मुलगी इंग्लंडात, तिथं सकाळचे सात. सुट्टी नसताना ती इतक्या लवकर कधी फोन करत नसे. सुनेत्राबाईंनी सोऱ्या कीर्तीच्या हातात दिला, हात पदराला पुसले आणि आत गेल्या.

या घराची थोडी ओळख करून द्यायला हवी. सुनेत्राबाई लग्न होऊन अठ्ठ्याण्णव साली इथं, सौदीतल्या यान्बूला आल्या. नवरा विजयकुमार रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, म्हणजे दाब आणि तापमान मोजणाऱ्या काट्यांचा डॉक्टर. तेव्हा कढीपत्ता आणायचा तर जेद्दाला अल अझीझियाच्या बाजारात जावं लागे, जाऊन-येऊन अख्खा दिवस. देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, दार लावून ठेवलेले. सुनेत्राबाईंनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. देवाला दाराचं काय, असं त्या म्हणत. त्यांचा जप चुकला नाही आणि गणपतीचा दीड दिवसही कधी चुकला नाही. पडदे ओढून, हळू आवाजात, पण आरती व्हायचीच.

आणि दरवर्षी आरतीनंतर विजयकुमारांची गोष्ट व्हायची.

कंपनीच्या कंपाउंडमधल्या आपल्याकडच्या मुलांना ती पाठ होती. पंच्याण्णव साल, नाशकातलं सातपूर, पंपांचा कारखाना. एकसष्ट दिवसांचा संप. शेवटी मालकानं गेटजवळ टेबल मांडलं आणि त्यावर छापील कागदांचा गठ्ठा ठेवला. 'गुड कंडक्ट बाँड.' मी चुकलो, यापुढे शिस्तीत वागेन, संघटनेच्या नादी लागणार नाही. सही करा आणि आत या. घरात पीठ नाही, पोरं उपाशी. एकेक जण मान खाली घालून सही करत गेला. आणि एक इंजिनियर पोरगा टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "चुकलो नाही, तर लिहून कशाला देऊ?" मग वळून चालू लागला. त्या पोराला नाशकात कुणी दारात उभं केलं नाही. म्हणून समुद्र ओलांडून तो इथं आला.

सुनेत्राबाईंच्या वडिलांनी हीच गोष्ट ऐकून मुलगी दिली होती. "पगार कमी-जास्त होईल, पण वाकणारा माणूस नाही," असं ते म्हणाले होते. स्थळं आणखी दोन होती, त्यात एक बँकेतलं. सुनेत्राबाईंनी मात्र इथंच होकार दिला.

विजयकुमारांची ती आच पुढेही टिकली होती. इथल्या राजकारणावर ते चकार शब्द काढत नसत, पण विलायतेचं राजकारण त्यांना घरच्यासारखं. मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष, कोणत्या खाणकामगारांनी कधी काय केलं, सगळं तोंडावर. चोवीस साली चौदा वर्षांनी मजूर पक्षाचं सरकार आलं, तेव्हा त्यांनी कंपाउंडभर कुनाफा, ही इथली मिठाई, वाटली. "आता तिथं कामगाराला माणूस म्हणतील," असं म्हणाले. रेवा नुकतीच तिथल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागली होती. बापाला वाटलं, आपली पोर बरोबर वेळेला बरोबर जागी पोचली.

तर आता रेवा फोनवर सांगत होती.

तिच्या घरात खालच्या खोलीत ममता नावाची सोलापूरची बाई राहत होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. ज्या कंपनीनं तिला आणलं, तिनं काही लबाड्या केल्या आणि सरकारनं त्या कंपनीचा परवाना रद्द केला. शिक्षा मात्र ममताला. साठ दिवसांत दुसरा मालक शोध, नाहीतर देश सोड. तिला कुणी मिळाला नाही. मंगळवारी पहाटे सरकारची गाडी आली आणि तिला चपला घालायलाही वेळ न देता नेऊ लागली. रेवा गाडीसमोर रस्त्यात बसली. मग समोरच्या घरातले आजोबा खुर्ची घेऊन आले. मग आणखी वीस-पंचवीस माणसं जमली. पाच तास. शेवटी पोलिसांनी सगळ्यांना उचललं आणि ममतालाही नेलं.

"म्हणजे आपल्यासारखंच की गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील लबाड, आणि पळपुटा ठरतो कामगार."

"सेम, आई. फक्त इथे त्याला कफील म्हणत नाहीत."

विजयकुमार दाढी अर्धी टाकून बाहेर आले होते. फोन स्पीकरवर होता.

"पोलीस काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, एका कागदावर सही कर. गुन्हा केला असं मान्य कर, ताकीद देऊन सोडतो. नाहीतर कोर्ट. वकीलबाई म्हणतात, सही म्हणजे कबुली, पुढे व्हिसाच्या प्रत्येक फॉर्मवर लिहावी लागेल. कोर्टात लढलो तर सुटण्याची आशा आहे, पण खात्री नाही. त्यांना मला ओळखणाऱ्या लोकांची पत्रं हवी आहेत. आई, शाळेतून एक आणशील? मी बारा वर्षं तिथे होते. बुधवारपर्यंत हवं."

"शाळेत काही कळवायचं नाही," विजयकुमार म्हणाले. "शाळेत कळलं म्हणजे कंपनीत कळलं. जूनमध्ये माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं आहे. या वयात मला कोण घेणार? तू सही कर आणि मोकळी हो. खलास."

"बाबा, तुमच्या मजूर पक्षाची गाडी होती ती."

"माझा कसला पक्ष!"

"कुनाफा कुणी वाटला मग?"

"रेवा, तोंड चालवू नकोस. कोर्टात गेलीस आणि हरलीस तर नोकरी जाईल. नोकरी गेली की साठ दिवस तुलाही. एक कागद आहे. कागदाला कोण विचारतंय?"

"तुम्ही केली होती का सही?"

एवढं विचारून रेवा थांबली. तिला उत्तर माहीत होतं. ते ऐकण्यासाठीच तिनं विचारलं होतं, लहानपणी आरतीनंतर विचारायची तसं.

विजयकुमारांनी गालावरचा साबण टॉवेलनं पुसला.

"केली होती," ते म्हणाले.

अंगणातून कीर्तीची हाक आली, "ताई, चीक निवतोय!"

"पहिली सही माझी होती. मालकाच्या माणसानं आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, तू इंजिनियर आहेस, तू केलीस की मागचे करतील. तुला स्टाफमध्ये घेतो. मी केली. मागच्या सगळ्यांनी केली. दीड वर्षात सुपरवायझर झालो, आणि त्याच दाखल्यावर इथं नोकरी लागली. रेवा, सही करून माणूस मरत नाही. हा बघ, मी जिवंत आहे. तुला शिकवलं, परदेशी पाठवलं. सगळं त्या सहीवर."

"मग टेबलासमोरून वळून कोण गेलं?"

"मोहन."

मोहन म्हणजे विजयकुमारांचा तेव्हाचा जोडीदार. एका खोलीत राहायचे दोघं. लग्नाला तो आला नाही, तेव्हा सुनेत्राबाईंनी विचारलं होतं. त्याला माझं बरं बघवत नाही, असं विजयकुमारांनी सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षं सुनेत्राबाई मोहन नावाच्या माणसाला मत्सरी समजत आल्या होत्या.

"मोहनकाकांचं काय झालं?" रेवानं विचारलं.

"त्याचं काय व्हायचं. लोकांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना तार गुंडाळून देतो. भाड्याच्या गाळ्यात."

फोनमधून रेवाच्या रस्त्यावरची बस गेल्याचा आवाज आला.

"आई, तुला माहीत होतं?"

"नाही गं."

"ओके," रेवा म्हणाली. "मी सही करत नाहीये." आणि फोन ठेवला.

सुनेत्राबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. देवांचं कपाट हाताच्या अंतरावर होतं. लबाडी माणसाशी माणूस करतोच, पोटासाठी करतो, ते एकवेळ देव पोटात घालील. पण गणपतीसमोर बसून, कापूर विझायच्या आत, चिमुरड्या पोरांना दुसऱ्याची हिंमत आपली म्हणून सांगायची, तीही दरवर्षी? आणि प्रसादाचं ताट हातात घेऊन त्या बाजूला उभ्या राहून माना डोलवत होत्या.

"तिला वाचवायला स्वतःचं नाक कापून दिलं मी," विजयकुमार म्हणाले. "तुला तेही दिसत नाही?"

"नाक तुमचं कुठं होतं? मोहनभावजींचं होतं."

"सुनेत्रा!"

"सही केलीत ते मी समजू शकते. घरात पीठ नसेल. पण माझ्या वडिलांना तर खरं सांगायचं होतंत. त्यांनी त्या गोष्टीला मुलगी दिली. तुम्हाला नाही."

"मग काय, बँकवाल्याकडे गेली असतीस?"

"गेले असते कदाचित. निदान खोट्या गोष्टीला प्रसादाचं ताट धरून उभी राहिले नसते."

विजयकुमार मोरीत गेले आणि उरलेली दाढी करू लागले. नळाचं पाणी उगीचच वाहत राहिलं.

अंगणात कीर्ती पातेल्यापाशी हात टेकून बसली होती. चीक घट्ट झाला होता.

"गरम पाण्याचा हबका मारून पाहिला ताई, पण गाठी झाल्या. काय झालं? रेवा बरी आहे ना?"

सुनेत्राबाईंनी सगळं सांगितलं. गाडी, रस्ता, पोलीस, पत्र. नवऱ्याचं मात्र सांगितलं नाही. कीर्ती त्याच शाळेत शिकवत होती. रेवाची दहावीची वर्गशिक्षिका तीच. पोर केवढी गुणाची म्हणून ती अजून सगळ्यांना सांगायची.

"तू दोन ओळी लिहून देशील का?"

कीर्तीनं सोऱ्याची चकती काढली आणि बोटानं त्यातला चीक कोरू लागली.

"इथं राहायचा माझा इकामा मिस्टरांच्या नावावर आहे हो ताई. पोलीस वगैरे म्हटल्यावर... त्यांना विचारावं लागेल. आणि ते नाहीच म्हणतील, मला माहीतेय."

"बरं."

"राग नका मानू. रेवाला माझा आशीर्वाद सांगा."

"सांगते."

आशीर्वादाला स्टॅम्प लागत नाही, असं सुनेत्राबाईंच्या जिभेवर आलं होतं. पण घरात मदतीला आलेल्या बाईला टोचून बोलायचं नाही, ही आईची शिकवण. त्यांनी चादरीवरच्या जमल्या तेवढ्या कुरडया नीट पसरल्या, पातेलं उचललं आणि आत आल्या.

भीती त्यांनाही होती. नवऱ्याची नोकरी गेली तर घर गेलं आणि इकामाही गेला. अठ्ठावीस वर्षांचा संसार चार बॅगांत भरून निघावं लागेल, आणि जाणार कुठं, तर नाशकाला, जिथं मोहन राहतो. विजयकुमारांची भीती खोटी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पलीकडे पोर एकटी होती. जो बाप तिनं पाठीशी धरला होता, तो आज सकाळी साडेनवाला नाहीसा झाला. मागे उरलं कोण?

विजयकुमार दाराशी उभे होते. तुळतुळीत दाढी, शुक्रवारचा पांढरा शर्ट.

"तू काही करणार नाहीस ना?" त्यांनी विचारलं. आवाजात दरारा नव्हता, विनवणी होती.

"जेवायला वेळ होईल," सुनेत्राबाई म्हणाल्या. "भात लावते."

कुकर चढवून त्यांनी फोन घेतला. कंपाउंडमधल्या बायकांना बाजारात नेणारा हैदराबादचा शारीक, त्याला त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत गाडी हवी म्हणून निरोप पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, "जी बाजी, पक्का."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी सकाळी आठ वाजता शाळेत जायचं आणि मुख्याध्यापिका अहिल्या मॅडमकडून रेवासाठी पत्र मागायचं.