छान हाय, आक्का!

माझ्या सकारात्मकतेमुळं शहापुरातल्या एका लेखिकेनं लिहिणं सोडलं. ती माझी सख्खी मोठी बहीण आहे.

आक्कानं तीस वर्षं मागावर साड्या विणल्या. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिनं माग सोडला आणि वही धरली. गल्लीतल्या महिला मंडळानं कथावाचन ठरवलं, तशी तिनं नाव दिलं आणि थेट खासबागेत माझ्या घरी आली. (मी हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात साहित्याचा तेवढाच काय तो पुरावा!)

"बाळू, पानांचे फोटो धाडीन. नीट वाच आनि सांग. चार बायकांत हसं नको व्हायला."

नेमकं त्याच आठवड्यात शाळेनं मला एका शिबिराला पाठवलं. विषय, लेखकाचा आत्मविश्वास आणि सकारात्मक मानसशास्त्र. मॅडम म्हणाल्या, "नव्या लेखकाच्या चुका आधी काढू नका. त्याचं बळ शोधा, ते त्याला सांगा. मग बघा कसा फुलतो!" मी ते वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर मॅडम "मात्र" म्हणाल्या आणि बाहेर गरम भजी आली. मी भज्यांकडं गेलो.

आक्काचं पहिलं पान आलं तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. लगेच कळवलं, "लई भारी!" दुसऱ्या पानाला, "आक्का, तू जन्मजात लेखिका हैस!" तिसऱ्या पानाला गुलाबाचे तीन गुच्छ. मागं उभी असलेली बायको म्हणाली, "अवो, फोटो अजून उघडला बी न्हाय तुम्ही!"

"मी बळ शोधतोय."

"न उघडता?"

(बायकोनं ते शिबिर केलेलं नव्हतं.)

मग मी आक्काला फोन करून रोजचा अभ्यास दिला. सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि अकरा वेळा म्हणायचं, 'मी थोर लेखिका हाय.' तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या सुमनमावशींचा फोन! "बाळू, आक्काला कुठंतरी दाखव रं. आरशासंगं बोलाय लागल्यात." मला तर आनंदच झाला. पद्धत लागू पडली होती!

रविवारी शहापूरला गेलो. आक्कानं चहा पुढं ठेवला.

"कालचं पान कसं वाटलं रं?"

"अगं, काय लिहिलंयस! डोळ्यांत पाणी आलं."

"व्हय? कुठं?"

"शेवटी! शेवट तर काळजाला भिडला."

"शेवटी हळकुंडं हाईत."

"तीच तर गंमत! हळकुंड म्हणजे... आयुष्यच की!"

आक्कानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. ब्याडगी मिरची दोन किलो, धने, खोबरं, लसूण, हळकुंडं. वर्षाच्या चटणीची यादी होती ती!

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिनं कपाटातली एक साडी काढली आणि माझ्यासमोर उलटी पसरली.

"ज्या दुकानदाराला साडी घ्यायची असायची ना, त्यो अशी उलटी करून बघायचा. धागा धागा तपासायचा, खोट काढायचा, भांडायचा. आनि घ्यायची नसली की वरनंच हात फिरवायचा, 'छान हाय, आक्का' म्हणायचा आनि घडी परत द्यायचा. तू रोज छान म्हणालास. चौथ्या पानालाच मला कळलं. म्हनून तर काल यादी धाडली."

"अगं पण..."

"वाचनातनं नाव काढून घेतलंय मी."

घरी येऊन मी पहिल्यांदा ती पानं उघडली. मागावरच्या सासू-सुनेची गोष्ट होती. दोघींचं भांडण, वर्षभर बोलणं नाही, आणि एक दिवस सासू आपला माग थांबवून उठते, सुनेचा तुटलेला धागा जोडून देते आणि न बोलता परत जाऊन बसते. तिथं मात्र माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पुढं दुसऱ्या पानावर वारलेली सासू पाचव्या पानावर चहा गाळत होती! त्या ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक फुली होती. अशा सात फुल्या होत्या. विणताना खोट दिसली की आक्का तिथं खडूनं फुली मारायची, दुरुस्त करायचं ध्यानात राहावं म्हणून. आपलं कुठं चुकतंय ते तिला ठाऊक होतं, कसं जोडायचं तेवढं मला विचारायचं होतं. आठवीच्या पोरांसाठी मी हे रोज करतो. बहिणीसाठी केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लगेच फोन करून मी सातही जागा सांगितल्या. तिनं शांतपणे ऐकलं. "आता ऱ्हाऊ दे रं," म्हणाली. वाचन तिच्याविनाच झालं. वहीच्या उरलेल्या पानांवर ती आता चटण्यांचं साहित्य लिहिते.

शिबिरातल्या त्या 'मात्र'च्या पुढं काय होतं, ते भजी न खाणाऱ्या एका सहकाऱ्याला मी मागाहून विचारलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "मात्र आधी वाचा!"

हा सगळा प्रकार मी प्रायश्चित्त म्हणून लिहून काढला आणि परवा आक्काच्या हातात दिला. शेजारी टोक काढलेली पेन्सिलही ठेवली. म्हटलं, "खोट काढ. पाहिजे तेवढी काढ."

ती मेथी निवडत होती. तिनं पहिल्या पानावरून हात फिरवला, कागदांची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"छान हाय, बाळू," म्हणाली. "लई भारी!"