हायब्रिडवाले जवाई

साऱ्या वर्धा जिल्ह्यात कंपनीच्या लेखी परवानगीनं, गळ्यात ओळखपत्र अडकवून घरजावई झालेला माणूस एकच आहे, आणि तो माझा भाऊजी आहे. हे मी अभिमानानं लिहिते आहे की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरलेलं नाही. एरवी माझं चटकन ठरतं. मी पत्रकं लिहिते. आमच्या आंजीची (आंजी मोठी, कृपया लहान समजू नये) संध्याकाळची एसटी फेरी बंद झाली तेव्हा मी पत्रक काढलं, आरोग्य केंद्रातला फ्रीज महिनाभर बिघडला तेव्हा काढलं. माझ्या पत्रकांत माणसं दोनच प्रकारची असतात: पिळणारी आणि पिळली जाणारी. भाऊजींना मी तीन वर्षांपासून दुसऱ्या प्रकारात बसवायला बघते आहे, आणि हा माणूस दरवेळी तिथून उठून चहा प्यायला जातो.

त्यांची हकीकत अशी. माझी मोठी बहीण गावच्याच आरोग्य केंद्रात नर्स आहे. इंजेक्शन फोनवरून टोचता येत नाही, त्यामुळे तिचं काम घरून होत नाही. भाऊजी मूळचे नाचणगावचे, पण नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं हे जोडपं मोबाइलवरच नांदलं. ताई ताटात वाढून घ्यायची आणि फोन लोट्याला टेकवून ठेवायची; पलीकडे भाऊजी डबा उघडून बसायचे. आई त्या फोनसमोरही पदर डोक्यावर घ्यायची. मग कंपनीनं 'हायब्रिड' पद्धत आणली. महिन्यातून एक आठवडा पुण्याच्या ऑफिसात, उरलेले तीन आठवडे कुठूनही. त्या 'कुठूनही'चा भाऊजींनी एका दिवसात अर्थ लावला आणि बॅग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. बाबांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि खतांचं. त्यामागच्या गोदामात नेटवर्क गावात सगळ्यात चांगलं. तिथे बियाण्याच्या थैल्यांच्या थप्पीला पाठ लावून त्यांनी टेबल मांडलं, आणि आमच्या घरी कायमचा अधिक महिना सुरू झाला.

कायमचा म्हणजे अक्षरशः. जावई दोन दिवसांसाठी येतो, हे गृहीत धरून आमच्याकडचा पाहुणचार बेतलेला आहे. रोज येणाऱ्या जावयाचं काय करायचं, हे आईला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून पहिले एकवीस दिवस तिनं रोज पाहुणाच आला असं समजून स्वयंपाक केला. वडाभात झाला, पाटवडी झाली, पुरणपोळी तर तीनदा झाली. भाऊजी 'नाई' म्हणू शकत नाहीत. हा त्यांचा आजार आहे. बाविसाव्या दिवशी शर्टाचं बटण मीटिंगमध्ये तुटून लॅपटॉपवर आपटलं, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन हात जोडून म्हणाले, "मामी, मले आता घरचा समजा. पिठलं टाका." आई रात्रभर रडली म्हणे. जावयानं पिठलं मागितलं म्हणजे काय चुकलं असेल? ताईनं समजावलं, "अवं आई, त्याईले पिठलं आवडते." तेव्हापासून पिठलं होतं, पण वाढताना आई अजूनही म्हणते, "घ्या ना जवाईबापू, आज काईच केलं नाई."

त्यांची दुसरी खोड म्हणजे ऑफिसला जाणं. झोपायची खोली आणि गोदाम यांच्यात एक अंगण आणि एक दार, वीस पावलं. पण वीस पावलांत माणूस कामावर जात नाही, असं भाऊजींचं ठाम मत आहे. म्हणून ते सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट, गळ्यात ओळखपत्र अशा थाटात पुढच्या दारानं निघतात, ताईला "येतो" म्हणतात, शाळेवरून, पाण्याच्या टाकीवरून एसटी स्टँडपर्यंत जातात, तिथे दोन मिनिटं थांबतात आणि मागच्या गल्लीनं येऊन गोदामाच्या मागच्या दारानं आत शिरतात. संध्याकाळी सगळं उलट. सुरुवातीला स्टँडवरची मंडळी विचारायची, "जवाई, कुठं निघाले?" "ऑफिसले." "कुठं हाय ऑफिस?" "सासऱ्याच्या गोदामात." "मंग इकडं काऊन आले?" यावर भाऊजी शांतपणे म्हणायचे, "गाडी लागते ना बावा." आता कुणी विचारत नाही. उलट एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत तर पानठेलेवाला घरी फोन करतो, "जवाई आज सुट्टीवर हायेत काय?" मी त्यांना म्हटलं होतं, भाऊजी, प्रवासाचा वेळ वाचतो हाच तर या पद्धतीचा एकमेव फायदा, तोही तुम्ही फुकट घालवता. तर म्हणाले, "पत्रकबाई, वाचलेला वेळ कंपनी घेते. चाललेला वेळ माहा राह्यते." हे वाक्य मी पत्रकात वापरलं आहे. नाव न देता.

आता 'हायब्रिड' या शब्दाबद्दल. आमच्या भागात हा शब्द कंपन्यांच्या आधी शेतात आला. हायब्रिड म्हणजे संकरित ज्वारी, संकरित कपाशी. माणूस हायब्रिड असू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा दुकानात सांगितलं, "आमचे जवाई हायब्रिडमधी हायेत," आणि घात झाला. कृषी केंद्राचा जावई, गोदामात बसतो, मागे थैल्या, गळ्यात फोटोचं कार्ड, दिवसभर इंग्रजीत बोलतो. चार दिवसांत अर्ध्या पंचक्रोशीचं मत झालं की बाबांनी पुण्याहून बियाण्याचा साहेब आणून ठेवला आहे. एका बियाणं कंपनीचा एजंट तर ते कार्ड बघून तपासणीवाला समजला आणि चहा अर्धा टाकून पळाला. शेतकरी मात्र पळाले नाहीत. ते रांगेनं गोदामाच्या खिडकीशी यायला लागले. "साहेब, हलक्या जमिनीत कोणतं हायब्रिड लावू?" दुसरा कुणी असता तर 'मी त्यातला नाही' म्हणाला असता. पण आजार सांगितलाच आहे. भाऊजींनी बाबांकडची पत्रकं वाचून काढली (माझी कुणी इतक्या मन लावून वाचत नाही), विद्यापीठाच्या पुस्तिका वाचल्या, आणि दोन हंगामांत ते खरोखरच सांगायला लागले. मीटिंगमध्ये आवाज बंद करून खिडकीकडे वळायचे, "काका, ओलिताचं हाय का कोरडवाहू?" विचारायचे, उत्तर द्यायचे आणि पुन्हा आवाज सुरू करायचे. एकदा सुरू-बंदचा गोंधळ झाला आणि पुण्यातल्या अकरा जणांना बोंडअळीवरचा सल्ला मिळाला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वीज आमची, पंखा आमचा, लाइन गेली की चालू होणारा इन्व्हर्टर आमचा, आणि कामाला वेळेचं कुंपण नाही. जेवणाच्या ताटावरून उठवतात. माणूस घरी असतो आणि घरात नसतो. जेवताना भात मागायच्या आधी भाऊजी विचारतात, "माझा आवाज येतो काय?" ही सवय इतकी जडली आहे की केळझरच्या गणपतीला गेलो होतो, तर हात जोडून डोळे मिटल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं तेच निघालं. आणि पुण्याचा तो एक आठवडा! आगगाडीनं अख्खी रात्र प्रवास करून हा माणूस ऑफिसात जातो, तिथे कानाला यंत्र लावून बसतो आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी संगणकावरून मीटिंग करतो. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मी विचारलं, काय केलं? म्हणाले, "समोर बसला होता तो माह्यासंगच बोलून राह्यला होता, पण स्क्रीनमधी पाहून. मी हात हलवला तं त्यानं स्क्रीनमधीच हलवला." मी संतापानं पेन शोधत होते. ते हसत होते. मात्र खरं तेही लिहायला हवं. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये त्यांना जुने मित्र भेटतात, फोनवर चार दिवस न सुटलेला प्रश्न चहावर पाच मिनिटांत सुटतो, आणि परत येतात तेव्हा चेहरा जरा उजळलेला असतो. गोदामात विनोद करायला कुणी नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं. थैल्या हसत नाहीत.

तर अशा या सुखी माणसाला या वर्षी पेरणीच्या तोंडावर कंपनीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पाचही दिवस पुण्यात. कुणाला फारच अडचण असेल तर त्यानं कारण द्यावं, ऑफिसातल्या मॅडम व्हिडिओवर दहा मिनिटं बोलतील आणि निर्णय सांगतील. भाऊजींनी पत्र ताईला दाखवलं. ताईनं वाचलं आणि तो जुना लोटा घासून ओट्यावर पालथा घातला. मी पाहिलं आणि पेन काढलं. दोन पानी निवेदन लिहिलं, अकरा मागण्या, शेवटी "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." भाऊजींनी ते आदरानं घडी करून खिशात ठेवलं. "आंदोलनाले किती जन येतीन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सध्या मी. ते म्हणाले, "मंग मजबूत हाय."

बोलण्याचा दिवस उजाडला आणि नेमकी गावची लाइन गेली. इन्व्हर्टर आदल्या दिवसापासून रुसलेला. गोदामात काळोख, म्हणून भाऊजी मोबाइल घेऊन दुकानाच्या काउंटरपाशी उजेडात आले. दुकानात पेरणीची गर्दी. बाबांनी सगळ्यांना "चूप बसा रे, जवाईचं काम हाय" असा दम दिला, त्यामुळे सगळे चूप बसून भाऊजींकडे बघायला लागले, जे जास्त वाईट होतं. ताई ड्यूटीवरून तशीच, पांढऱ्या साडीत, दाराशी येऊन उभी. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला पुण्यात यायला नेमकी अडचण काय?" भाऊजींनी खिशात हात घातला, माझं निवेदन अर्धं बाहेर काढलं, परत आत ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, अडचण तशी काही नाही." मला तिथेच फटकन काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. 'नाई' न म्हणण्याचा आजार किती जीवघेणा असू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

 मॅडमना काउंटरमागची बियाण्याच्या थैल्यांची थप्पी दिसली असावी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या मागे सगळीकडे हायब्रिडच लिहिलंय की!" आणि भाऊजी काही बोलायच्या आत केळझरहून बियाणं न्यायला आलेला एक म्हातारा काउंटरवरून पुढे झुकला. त्याला वाटलं, बाई पऱ्हाटीबद्दलच, म्हणजे कपाशीबद्दलच, विचारते आहे.

"हो बाई, हायब्रिडच हाय. पन तुमाले मालूम हाय का हायब्रिड कसं होते? नर वेगळा असते, मादी वेगळी. दोनी जवळ लावा लागते, मंग हातानं फूल फुलाले लावा लागते. नर पुन्यात लावला अन् मादी आंजीत लावली, तं बी कसं धरन?"

 दाराआडून बघणाऱ्या आईनं तोंडात पदर कोंबला. बाबा खताच्या पोत्यामागे काहीतरी शोधायला वाकले ते वर आलेच नाहीत. ताई कानापर्यंत लाल. भाऊजींनी मोबाइलकडे बघून क्षीण आवाजात विचारलं, "मॅडम, माझा आवाज येतो आहे का?"

पलीकडून बराच वेळ हसू आलं. मग ते थांबलं. "येतो आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पुढे जरा वेगळ्या आवाजात, "माझे मिस्टर हैदराबादला असतात. त्या काकांना नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी निर्णय आला. पद्धत आहे तशीच चालू, एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा विचार. माझ्या अकरा मागण्यांचा कुठे उल्लेख नव्हता. मी चिडले. एकच वर्ष का? माणसाचा संसार काय एसटीच्या पासासारखा दर वर्षी नवा काढायचा? बाबा थैल्या मोजत होते, तिथूनच म्हणाले, "हायब्रिडचं तसंच असते पोरी. त्याचं बी घरचं ठेवून चालत नाई. दर साली नवी थैली आना लागते." भाऊजींनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे मान डोलावली.

पण या माणसाचं काही सांगता येत नाही. गेल्या वर्षीच्या हायब्रिड कपाशीच्या बोंडातली मूठभर सरकी त्यांनी कधी कोण जाणे जपून ठेवली होती. ती त्यांनी गोदामाच्या खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात पेरली. बाबा रोज जाता-येता म्हणायचे, "नाई येत जवाई, आलं तं सारखं नाई येत, उगीच पानी घालून राह्यले." भाऊजी "हो मामाजी" म्हणायचे आणि पाणी घालायचे. तो त्यांनी आयुष्यात कुणाला दिलेला एकमेव नकार असावा.

सध्या भाऊजींचा पुण्याचा आठवडा चालू आहे. काल संध्याकाळी मी ताईची वाट बघत अंगणात बसले होते. आरोग्य केंद्रातून घर सरळ पाच मिनिटांवर. ती आली नाही म्हणून गल्लीत डोकावले, तर बाई एसटी स्टँडकडून येत होती. टाकीवरून, शाळेवरून, सगळा फेरा घालून. गोदामाच्या मागच्या दारानं आत गेली. खिडकीतून मला दिसलं: तिनं डब्यात पाणी घातलं आणि मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. रोपं उगवली आहेत. एक बोटभर उंच, एक वीतभर, एकाची पानं वेगळीच; सारखं कुठलंच नाही, बाबा म्हणाले होते तसंच. पण उगवली आहेत.

मी पत्रकबाई असले तरी पाठ फिरवायचं मला कळतं. फिरवता फिरवता एवढंच ऐकू आलं. ताई विचारत होती, "माझा आवाज येतो काय?"