काचेतला हात

ऐंशीच्या दशकात मी मिशिगनमध्ये मटेरियल्स सायन्स घेऊन, काचेवर एम.एस. करत होते. एका म्हाताऱ्या, एकट्या बाईंच्या घरी भाड्याने राहायचे. दर रविवारी त्या विचारायच्या, “आज चर्चला येतेस?” आणि मी दर वेळी असाइनमेंटचं निमित्त सांगायचे. पुण्याच्या मैत्रिणीने आधीच बजावलं होतं, “सांभाळ यार, तुला बाटवायचा प्लॅन असणार.” त्यामुळे बाईंनी सूप आणून दिलं तरी माझ्या मनात शंका यायची.

एकदा त्या म्हणाल्या, “प्रार्थनेला बसू नकोस. फक्त एक खिडकी बघ. तू काचेचंच शिकतेस ना? माझे डोळे अधू झालेत, आणि तिथल्या कुणावर माझा भरवसा नाही.”

मी गेले. खिडकी रंगीत काचांची होती. बाईंचे वडील उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली. निळसर बर्फ, कुत्र्यांची गाडी आणि उजवा हात उंचावलेला दाढीवाला माणूस. वर्षभरापूर्वी खिडकी दुरुस्तीला गेली होती. परत आल्यापासून बाई म्हणत होत्या की तीत काहीतरी बदललंय. लोक म्हणायचे, वय झालं.

“बोटं किती?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाच.”

“बर्फात त्यांची दोन गेली होती. खिडकीत तीनच होती. लहानपणी प्रवचन चालू असताना मी तीच बघत बसायचे.”

मला ते खरं वाटेना. इतक्या वर्षांची आठवण! पाद्रींना विचारलं, तर ते हसून म्हणाले, “खिडकी होती तशीच आहे.” पण ते माझ्याकडे न बघता बोलले, आणि मग मला त्यांचाच संशय आला.

मी शिडी मागितली. जवळून पाहिलं तर जुन्या काचांमध्ये बारीक बुडबुडे होते. हाताची काच मात्र अगदी नितळ, नवीकोरी.

खाली उतरून मी तसं सांगितल्यावर पाद्री खुर्चीत बसले आणि बाईंना म्हणाले, “काढताना तेवढा तुकडा फुटला. कारागिराने अंदाजाने नवा रंगवला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“वर्षभर तुम्ही मला भ्रमिष्ट ठरवलंत,” बाई म्हणाल्या.

पाद्रींनी माफी मागितली. बाईंनी घरून वडिलांचा तीन बोटांचा हात दिसणारा फोटो आणून दिला. महिन्याभराने कारागीर नवा हात घेऊन आला, तेव्हा काम पुरं होईपर्यंत बाई शिडीखालून हलल्या नाहीत.