सायकलची खांदशेकणी

माह्या सायकलले दांड्याचे ब्रेक होते. ते काढून पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वायरचे नवे ब्रेक बसवले. अख्खी दुपार त्यातच गेली. भिलाईच्या स्टील प्लांटात फिटर होतो ना, त्याचा माज होता. मूठ दाबली की चाकावरचा चिमटा दोन्ही बाजूंनी सारखा मिटे, सोडली की सारखा उघडे. किती खेपा दाबून पाहिलं, मोजलं नाही. बायको म्हणे, "पुरे आता, त्याले दम तरी घेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी बाबाले दुर्गच्या स्टेशनवर सोडाचं होतं. आई गेल्यावर मीच त्यांना गावाहून भिलाईले आणलं, पण त्यांचा जीव रमला नाही. "जिथं पोळ्याले दारात बैल नाही, तिथं माणसानं काय राहावं? आता गेलो की परत येत नाही," असं त्यांनी सांगूनच टाकलं. मले फार वाईट वाटलं. पण हात जोडून 'राहा' म्हणाचं माह्या स्वभावात नाही, म्हणून ब्रेकशीच खेळत बसलो होतो.

सकाळी निघताना पुन्हा मूठ दाबली. चिमटा कालच्यापेक्षाही मऊ चालून राहिला होता. त्याच्यावर पिवळं काहीतरी चमकत होतं. म्हटलं, ग्रीस सुटलं असेल, माल चांगला आहे. बाबाले कॅरिअरवर बसवलं, त्यांची वळकटी हँडलवर ठेवली आणि निघालो.

नव्या क्वार्टरांजवळ उतार लागला. मूठ दाबली. चिमटा झकास मिटला, पण सायकल काही थांबेना. पुन्हा दाबली, पुन्हा झकास मिटला.

"अरे, हळू," बाबा म्हणे.

"हळूच करून राहिलो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही वळकटीसकट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात शिरलो. कामावरच्या बाया डोक्यावरची घमेली खाली ठेवून पोटभर हसल्या.

माह्या हाताले ते पिवळं लागलं होतं. हुंगून पाहिलं, तर हळद आणि लोणी.

"बाबा, हे कोणी लावलं?"

"मी. काल संध्याकाळी खांदशेकणी नव्हती का? बैलाच्या खांद्याले लावतात, पण इथं बैल कुठं आहे? तुले रोज ही वाहून नेते, म्हणून हिच्या मानेले लावलं, चाकाले लावलं. उद्या जेवाले ये म्हणून आवतनही दिलं."

माहं डोकंच फिरलं. "ब्रेकले लोणी लावते का कोणी? मेलो असतो दोघंही. तुम्ही जाच गावाले."

दुरून गाडीची शिटी ऐकू आली, म्हणजे ती गेलीच. बोललो ते मलेच टोचून राहिलं होतं. वाटलं, उद्याच्या गाडीनं हा माणूस जाईल तो कायमचाच.

बाबा उठले, धोतराच्या सोग्यानं चाकाची कड पुसाले बसले. बराच वेळ पुसली. मग मूठ दाबून चिमटा पाहिला, चाक फिरवून पुन्हा दाबली. चाक थांबलं.

"हिले रोज सकाळी पुसून, पाहून द्याले कोणी लागते," ते म्हणे. "तुह्याच्यानं होत नाही."

"आणि गावाले जाणं?"

"पुढच्या पोळ्याले पाहू."

मले इतका आनंद झाला की कोपर फुटलं आहे, हे घरी गेल्यावर बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं.